सहाशे ग्रॅम

काटेसरांचं आडनाव काटे नव्हतं. कॉलेजात कुस्तीचे कोच म्हणून लागल्यापासून सत्तावीस वर्षं ते वजनकाट्यापाशी ठाण मांडून उभे असत, म्हणून मुलांनी ठेवलेलं ते नाव. नव्या मुलांना ते खरंच वाटायचं. एकदा तर कॉलेजच्या वार्षिक अंकातही तसंच छापून आलं आणि सरांनीही दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ते चालवून घेतलं.

त्या सकाळी मात्र काट्याकडे बघायचीच त्यांना धास्ती वाटत होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची वजनं आठ वाजता होणार होती. पावणेसात वाजले होते. सत्तावन्न किलो गटातली त्यांची खेळाडू, चपळाईमुळे सगळे जिला खारूताई म्हणत, ती काट्यावर उभी होती आणि आकडा सत्तावन्न किलो सहाशे ग्रॅमवर अडून बसला होता.

"होईल सर," ती म्हणाली. "अजून तासभर आहे."

घाम काढायला अंगात प्लास्टिकचा कोट, त्यावर दोन जाकिटं, आणि काल दुपारपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. तिनं दोरी उचलली आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत उड्या मारायला लागली. तो कोट अंगात चढवायला नियमानं बंदी होती. त्याची चेन सरांनी स्वतः ओढून दिली होती.

गेल्याच आठवड्यात प्राचार्यबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "तीन वर्षं एकही पदक नाही, सर. यंदाही नाही आलं तर मॅटचा हॉल परीक्षा विभागाला द्यावा लागेल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं." निवृत्तीला चार वर्षं होती. हॉल गेला तर कुस्तीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि पदकाची आशा होती ती एकट्या खारूताईकडून.

"सर, किती वाजले?" तिनं विचारलं.

"सात."

दोरीचा आवाज चालू राहिला. मग थोडा अडखळला.

"सर, किती वाजले?"

"आत्ताच सांगितलं की. सात."

तिनं मान डोलावली, दहा-बारा उड्या मारल्या आणि पुन्हा तेच विचारलं.  सरांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. तापलेलं होतं आणि पार कोरडं.

"घाम कुठे गेला गं?"

"आला की मघाशी," ती म्हणाली, पण बघत होती भलतीकडेच.

असंच कोरडं मनगट त्यांनी पूर्वी एकदा हातात धरलं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, अजून कायम झाले नव्हते. त्या मुलाला त्यांनी तसाच पळवला, वजनात बसवला, आणि पोरानं सुवर्णपदक आणलं. त्या पदकावरच सर कायम झाले. बत्तिसाव्या वर्षी त्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्या एका सकाळमुळे झाली असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नव्हता. उलट दरवर्षी सरांच्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा, "तुमच्यामुळे माणसात आलो, सर." त्या दिवशी सर जेवायचे नाहीत. "तो दोष देत नाही, मग तुम्ही का जिवाला लावून घेता?" बायको म्हणायची. "दिला असता तर बरं झालं असतं," एवढंच ते म्हणायचे.

"बास," सर म्हणाले. "कोट काढ. पाणी पी."

"सर, सहाशे ग्रॅम फक्त!"

"काढ म्हणतोय ना."

ती रडायला लागली. रडली, पण डोळ्यांतून पाणी येईना. त्यांनीच चेन खाली ओढली आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. तेवढ्यात तिचे वडील आले. बसवर ड्रायव्हर होते, लेकीची कुस्ती बघायला पाळी बदलून आले होते.

"काय झालं?"

"ती खेळणार नाही आज."

"वर्षभर तुम्हीच तिला उपाशी ठेवलंत," वडील अगदी हळू आवाजात म्हणाले. "आणि आज सांगताय?"

 दोघांनी मिळून तिला मैदानावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं. सरांनी तीनदा विचारलं, आणखी अर्धा तास उड्या मारल्या असत्या तर काय झालं असतं? डॉक्टर सुई बसवता बसवता म्हणाले, "काय सांगू? कदाचित काहीच नाही. बऱ्याच जणी उतरवतात की वजन."

ते 'कदाचित' सरांना पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. पदकावर पाणी सोडलं ते उगाच तर नाही ना?

सोमवारी प्राचार्यबाईंसमोर त्यांनी कोटाचं सगळं सांगितलं. मग बाईंच्याच भिंतीवरच्या त्या सुवर्णपदकवाल्या मुलाच्या फोटोकडे बोट करून त्या जुन्या पदकाचंही सांगितलं.  बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला.

"हे मला लेखी द्याल?"

"देतो."

त्यांना ताकीदपत्र मिळालं. हॉल पुरता गेला नाही. आठवड्यातले तीन दिवस परीक्षा विभागाला, तीन दिवस कुस्तीला.

खारूताई दोन महिने फिरकली नाही. वाटेत दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मग एका सकाळी बूट बांधून मॅटच्या कडेला उभी राहिली.

"बासष्टच्या गटात घ्या मला."

"तिथल्या मुली तुझ्याहून ताकदीच्या आहेत."

"माहितीये."

सरांनी तिला घेतलं. पुढच्या स्पर्धेच्या सकाळी ती भरपेट खाऊन काट्यावर चढली तरी सरांनी तिचं मनगट धरून बघितलंच. ती दुसऱ्याच फेरीत हरली, दोन गुणांनी. मॅटवरून उतरून टॉवेलनं मान पुसत ती त्यांच्यासमोर आली.

"डावा पाय धरला तिनं की मला सुटताच येत नव्हतं. उद्या दाखवाल?"

"उद्या हॉल आपला नाही," सर म्हणाले. "परवा."

"मग परवा," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली शोधायला लागली.