पाचच्या वेगाने

मी एक जुनी ट्रेडमिल आहे. माझ्यावर धावून आजवर कोणी कुठेही पोहोचलेलं नाही. जिथे चढले तिथेच घाम पुसत सगळे उतरले. तरीही मित्रांनो, एक माणूस माझ्यावर धावला आणि जिंकला. त्याची गोष्ट सांगते.

माझा जन्म अमेरिकेतला. एका अमेरिकन कुटुंबाबरोबर मी जहाजाने दुबईला आले. ते लोक मायदेशी परतले, तेव्हा तिथल्याच ऊद मेथा भागातल्या विष्णू धारपांनी मला घरी आणलं. विष्णूराव बांधकाम कंपनीत नकाशे काढत. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी गाडी, रात्री सोफा. त्यांच्या पत्नीने, विभावरीबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं, बाल्कनीत नारळ फोडला आणि माझ्या लाल आकड्यांखाली गणपतीचं स्टिकर चिकटवलं. मी अमेरिकेच्या विजेवर चालणारी, म्हणून शेजारी एक ट्रान्सफॉर्मर आला. तो सारखा गुणगुणत असे.

मला आणण्यामागे एक कारण होतं. मुलगी ईश्वरी दहा वर्षांची. तिच्या शाळेत दर हिवाळ्यात पालक आणि मूल जोडीने धावत, खाडीकाठच्या बागेत, तीन किलोमीटर. दोघांनी हात धरून शेवटची रेघ ओलांडायची. मागच्या वर्षी विष्णूराव अर्ध्यात खाली बसले होते. सगळे पुढे गेले. ईश्वरी त्यांची पाण्याची बाटली धरून शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "इट्स ओके, बाबा." त्या समजूतदारपणाने विष्णूरावांना त्या रात्री झोप लागली नव्हती.

दुबईच्या उन्हाळ्यात रस्त्यावर धावणं शक्य नसतं. सकाळीसुद्धा हवा इस्त्रीसारखी अंगावर येते. म्हणून तो सगळा उन्हाळा माझा झाला. एसी लावून विष्णूराव माझे दांडे घट्ट धरत आणि धावत. मी वेग सांभाळायची, पट्टा मागे ओढायची. त्यांना फक्त पाय उचलायचे असत. हळूहळू त्यांचे हात दांड्यांवरून सुटले. मला फार अभिमान वाटला.

पण त्यांना वाटला नाही. समोरचा आकडा पाचच्या वर जाईना.

"पाच म्हणजे लोक भाजी आणायला चालतात तो वेग," ते हाशहुश करत म्हणत. "आणि मला धाप लागते!"

"भाजी आणायला तुम्ही कधी गेलात?" विभावरीबाई विचारत.

मला खरं काय ते माहीत होतं. पण मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "विभा, तू जा तिच्याबरोबर. मी पुन्हा तिला तिथे उभी करणार नाही."

विभावरीबाईंनी त्यांचे बूट आणून समोर ठेवले. "ती तुमच्याबरोबर उभी राहिली, माझ्याबरोबर नाही. सकाळी यल्ला म्हटलं की निघायचं. खलास."

पुढचं मी पाहिलं नाही. पण या घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलं, की पाहिल्यासारखंच आहे. सुरुवात वाईट झाली. समोरून खाडीचा वारा आला. माझ्याकडे वारा कुठला? वळण आलं, मी तर सरळच धावायला शिकवलेलं. जमीन पायाखालून सरकेना, प्रत्येक पाऊल स्वतः पुढे टाकावं लागलं. ते सवयीने आकडे शोधू लागले. समोर आकडे नव्हते. नुसता रस्ता होता आणि ईश्वरीची उडणारी वेणी.

मग पायांना वळणं समजली. श्वास जागेवर आला. एक जोडी मागे पडली, दुसरी पडली, शेजारचे युसुफभाई आणि त्यांचा मुलगाही मागे पडला.

"बाबा, वेट! टू फास्ट!" ईश्वरी ओरडली.

ते वाक्य विष्णूराव पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवत. हातात हात घालून त्यांनी रेघ ओलांडली. पहिल्या नंबराने!

संध्याकाळी युसुफभाई घरी आले. "विष्णूभाई, इस मशीन में क्या जादू है?" म्हणत माझ्यावर चढले. विष्णूरावांनी पाचचा आकडा लावला. "ये तो चलने की स्पीड है," म्हणता म्हणता युसुफभाई धापा टाकत दांड्यांना लोंबकळले. उतरल्यावर त्यांनी माझी पाटी निरखली आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली बारीक अक्षरं होती.

"अरे यार, ये तो मील है!"

घर हसून लोळलं. ताशी पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर! तीन किलोमीटरच्या शर्यतीसाठी माणूस उन्हाळाभर तीन मैल धावत होता! वीज परदेशी, हे सगळ्यांनी ओळखलं होतं. मोजमापही परदेशी असेल, हे कोणाला सुचलं नव्हतं. विभावरीबाईंनी कोपरा परत दाबला. "राहू दे. त्यानेच जिंकवलं."

त्यानंतर आमची वाटणी ठरली. उन्हाळा माझा, हिवाळा रस्त्याचा. हिवाळ्यात माझ्यावर टॉवेल वाळत, लोणच्याच्या बरण्या बसत. मला राग यायचा. पण ते बाहेरून परतले की चेहऱ्यावर जे असायचं, ते माझ्यावरून उतरताना कधी नसायचं, हे मी कबूल करते.

एका मार्चमध्ये विष्णूराव दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. त्या उन्हाळ्यात मला कोणी सुरू केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ईश्वरी कॉलेजातून घरी आली. तिने टॉवेल काढले, बरण्या उतरवल्या, स्टिकरचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. पाच. पहिल्या दिवशी तिने दांडे घट्ट धरले होते. सप्टेंबर संपता संपता तिचे हात सुटले. आणि हवेत पहिला गारवा आला त्या सकाळी तिने मला बंद केलं, बाबांची पाण्याची बाटली घेतली आणि दार उघडून खाडीकडे गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यावर कपडे वाळत घालू नका. तिचा पट्टा पुसा, तिच्यावर घाम गाळा. पण एवढ्यावर थांबू नका. आम्ही पाय घडवतो. ते न्यायचे असतात बाहेर.

ईश्वरी परतली तेव्हा धापा टाकत होती आणि हसत होती. तो चेहरा मी ओळखला.