शनिवारचं लोखंड

कादरच्या पिकअपमध्ये मच्छिंद्रचा फायदा काय, हा हिशोब आम्ही डेअरीच्या ओट्यावर गाडी यायच्या आधीच मांडला होता. दलाली मिळणार नव्हती. शेजाऱ्याकडून दलाली घेतली असती, तर छबूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला ताटावर बसू दिलं नसतं. फार तर घोडेगावात फुकटची मिसळ, वर चहा, आणि गाडी वाघोशीच्या वेशीतून आत येताना पुढं बसायचा मान. एवढ्यासाठी मच्छिंद्रनं पहाटे उठून दाढी केली नसती. त्याला हवं होतं ते वेगळंच. कुणीतरी पुन्हा एकदा म्हणावं, ‘मच्छूभाऊ, तू बघ. तू व्हय म्हनला तर घेऊ.’

हे वाक्य कानावर पडून वर्षं लोटली होती. अर्धा जन्म त्यानं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात काढला. रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले. एके काळी वाघोशीत असा गोठा नव्हता, ज्यातला बैल मच्छिंद्रनं पारखलेला नाही. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि मच्छिंद्रचा रुमाल नाक पुसायच्या कामाला लागला. आता गावात बैलजोडी एकच, तीही त्याचीच. हौश्या आणि गुलब्या. दोघं म्हातारे, कामाला नावाला, पण मच्छिंद्र त्यांना रोज खरारा करायचा. “मला कंदी आसं चोळलं न्हाई,” असं छबूबाई चारचौघांत म्हणायची.

आणि कादरला गाडीची निकड होती. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. कादरची पत्र्याची होडी, मागं इंजिन. तिच्यावर त्याचं घर. उन्हाळा लागला की पाणी मागं सरतं. आमच्या नाल्याचं तोंड आधी इतकं उथळ होतं की होडी तिथनं तरंगत निघत नाही, मग नाल्यातलं पाणी मोठ्या पाण्यापासून तुटतं, मग आटतं. तुटायच्या आत होडी उचलून मुरमाडाच्या पलीकडं, डोहात टाकावी लागते. नाहीतर ती पावसाळ्यापर्यंत भेगाळलेल्या गाळात पडून राहणार आणि कादरच्या घरात चूल पेटायची पंचाईत. पूर्वी सगळी आळी दोरखंडाला लागायची. संध्याकाळी घरटी एक मासा. आता आळीतली पोरं सुप्याच्या कंपनीत. मागच्या साली हनुमंतानं ट्रॅक्टर लावला, तर असा हिसका दिला की होडीचं नाकच फाटलं. यंदा तोही ऊस वाहायला कोपरगावकडं कारखान्यावर. तेव्हा होडीही ओढील आणि बर्फातली मासळीही नगरला नेईल अशी पिकअप घ्यायची, असं ठरलं. त्यासाठी कादरच्या बायकोनं, बद्रुन्निसानं, दावणीच्या शेळ्या विकायला काढल्या. विकून दिल्या मच्छिंद्रनंच. मग गाडी तरी दुसऱ्यानं कशी बघायची?

बाजाराच्या शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. एसटीच्या बाकावर मच्छिंद्र, कादर आणि मधे मी.

घोडेगावात पहिली गाडी दिसली ती एका नर्सरीवाल्याची. काचेपर्यंत चिखल, एक दार चेपलेलं, रंग उडून पत्रा उघडा. कादर अंगरख्यासकट तिच्या खाली शिरला आणि हसत बाहेर आला.

“मच्छूभाऊ, हिच्या फुडल्या चाकांनाबी वढ हाय. चारी पायांनी चालती. गाळातनं हीच निघंल.”

मच्छिंद्रनं गाडीभोवती एक फेरी मारली. जिभेनं च् च् केलं.

“कातडं बघ की तिचं. खरूज झाल्यावानी. आन आवाज? हे जनावर खोकतंय, कादर.”

“मला तिच्यासंगं पोराचं लगीन लावायचं न्हाई, भाऊ. होडी वढायचीय.”

“आसं कसं? दारात उभी ऱ्हायली तर चार मान्सं बघनार. इचारतील, कुनी निवडली?”

तरी कादरनं नेट लावला आणि सौदा तुटायच्या बेतापर्यंत आणला. नर्सरीवाला म्हणाला, “कागद घरी हायती. उद्या सकाळी या, चावी घिऊन जा.”

“उद्या वार कोन?” मच्छिंद्रनं विचारलं.

“शनिवार.”

मच्छिंद्रनं दोन्ही कानांना हात लावले. “झालं! शनिवारी लोखंड? आन तेबी हितनं?” त्यानं शिंगणापूरच्या दिशेला तोंड करून नमस्कार केला. “देव हाकंवर बसलाय. त्याच्या वारी, त्याच्या नाकाम्होरनं लोखंड घरी नेतो व्हय?”

“मला कसला शनिवार आन कसला सोमवार? माझं पानी चाललंय.”

“तुला नसंल. गावाला हाय.”

कादरनं घरी फोन लावला. वाटलं असेल, बायको तरी बाजू घेईल. बद्रुन्निसाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“आवो, आपन शनिवारी इळा घेतला न्हाई का खिळा घेतला न्हाई. माझ्या सासूनं उलथनं घेतलं न्हाई. आन तुमी आख्खी गाडी आनताय? रयवारी आना.”

“रयवारपत्तुर पानी तुटंल, बद्रू.”

“मंग आजच दुसरी बघा.”

नर्सरीवाला खांदे उडवून म्हणाला, “रयवारपत्तुर मी काय तिला ओवाळत बसू? दुसरं गिऱ्हाईक हाय.”

दुसरी गाडी बाजाराच्या टोकाला उभी होती. पांढरीशुभ्र, उंच, रुंद हौद्याची, टायर नवेकोरे, कागद गाडीतच तयार. मच्छिंद्रनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला लग्नातला मच्छिंद्र आठवला. त्यानं बोनेटवर थाप मारली, टायर दाबून पाहिले, मागं जाऊन, पुढं येऊन पाहिलं. दात तेवढे मोजायचे राहिले.

“कादर, ही खिल्लार हाय.”

“हिला मागच्याच चाकांची वढ हाय, भाऊ.”

“बैलबी मागच्याच पायावं जोर देतो. वझं लावून बघू.”

बाजारात बैलाची परीक्षा अशीच. गाडीला वजन घालायचं, चढाला लावायचं, उठतो का बसतो ते बघायचं. मच्छिंद्रनं ओळखीच्या अडत्याला हाक मारून हौद्यात कांद्याच्या गोण्या रचल्या, मागं दगडाची ट्रॉली अडकवली आणि गाडी मुरमाच्या चढाला घातली. ती गुरगुरली आणि सरळ माथ्यावर जाऊन उभी राहिली. बघायला जमलेल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

“बघ! शेपटी उचलून गेली!”

“पाठीवं कांदा हुता म्हनून गेली,” कादर म्हणाला. “चाकं दाबून धरली वझ्यानं. होडी वढताना हौदा मोकळा आसनार. मोकळी गाडी गाळात उगं फिरंल.”

“येडा हाय का तू? वझं घिऊन गेली ती मोकळी जानार न्हाई? वझ्याचा बैल मोकळा सोडला तर उधळतो, लेका!”

लोक हसले. 

“पान्याच्या काठाला नेऊन बघू तरी,” कादर एकदा पुटपुटला.

“हितं कुठं पानी? आन चिखलात उभा करून बैल कुनी घेतल्याला ऐकला का?”

आता खरं तर कादरनं नाही म्हणायला हवं होतं. पण पारखायला नेलेल्या माणसाची पारख भर बाजारात धुडकावायची म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. त्यातून तो मच्छिंद्र, ज्यानं परवाच त्याच्या बायकोच्या शेळ्या नेटानं विकून दिल्या. कादरनं आभाळाकडं बघितलं आणि मान हलवली. मच्छिंद्रनं खिशातून रुमाल काढला, झटकला, गाडीवाल्याच्या हातावर टाकला. गाडीवाल्याला त्यातलं काही कळेना. मच्छिंद्रनं त्याला बोटं शिकवून सौदा केला.

संध्याकाळी गाडी वेशीतून आत आली. पुढं मच्छिंद्र, टोपी सरळ. चाकांखाली लिंबं फुटली. छबूबाईनं ओवाळलं. बद्रुन्निसानं हौद्याच्या कडेवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “माझ्या समद्या शेळ्या मावल्या आस्त्या हितं.”

शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं. वापरायला देवाची ना नाही. सकाळी सगळे नाल्यावर. पाणी आणि पाणी यांच्यामध्ये गाळाची काळी जीभ वर यायला लागली होती. वरून ऊन, खाली लोण्यासारखा गाळ, आणि वासानं डोकं धरलेलं. कादरनं वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा गाडा करून आणला होता. गाडा पाण्यात लोटला, होडी त्याच्यावर चढवली, दोरानं आवळली, गाडा पिकअपच्या हुकात अडकवला. कादरनं गिअर टाकला.

पांढरीशुभ्र गाडी जागच्या जागी ओरडायला लागली. मागची चाकं गरागरा फिरली, गाळाचे फवारे उडाले, पहिला मच्छिंद्रच्या टोपीवर. होडी तसूभर हलली नाही.

“दमानं! दमानं घे!” मच्छिंद्र ओरडला.

“दमानंच घेतोय!”

चाकांखाली पाचट घातलं. पाचट गिळलं. दगड घातले. दगड गिळले. “वझं द्या पाठीवं,” कुणीतरी म्हणालं, तसे बाया-माणसं हौद्यात चढली. गाडी हातभर पुढं सरली, सगळ्यांनी गलका केला, आणि मग ती बसली. मागून खाली, म्हैस पाण्यात बसते तशी, अगदी समाधानानं.

छबूबाई हौद्यातून उतरली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, “आवं, शेपटी पिरगाळा की तिची! खिल्लार हाय न्हवं!”

लोक पोट धरून हसले. कादर हसला नाही. स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. बद्रुन्निसा चिखलात उभी राहून गाळाच्या त्या काळ्या जिभेकडं बघत होती. सकाळपेक्षा ती रुंद झाली होती.

कारखान्यावर फोन झाले. ट्रॅक्टर रांगेत अडकलेले. जेसीबीवाला आला, काठावर उभा राहिला, म्हणाला, “ह्यात मी उतरलो तर मला काढायला कोन?” आणि गेला.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, मच्छिंद्र दिसत नाही.

“तोंड लपवाया गेला,” कुणी म्हणालं. छबूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गुमान मागं सरला.

मच्छिंद्र आला तो हौश्या-गुलब्याला घेऊन. खांद्यावर जू, अंगावर खराऱ्याची चकाकी, गळ्यात पोळ्याच्या वेळचे घुंगूर.

कादर खाली उतरला. “नको भाऊ. म्हातारी हायती.”

“गप ऱ्हा. ह्यांची पारख मीच केलती.”

गाडा हुकातून सोडला आणि जोडीला जुंपला. मच्छिंद्रनं चाबूक उचललाच नाही. हौश्याच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला. दोघं बैल गुडघ्याएवढ्या गाळात वाकले, माना लांब केल्या, आणि होडी निघाली. एक एक खूर उचलून, टेकून, पुन्हा उचलून. गाळ चुकचुक वाजत होता. कुणी ओरडलं नाही, शिट्टी मारली नाही. मुरमाड चढलं, पलीकडं उतरलं, आणि होडी डोहात जाऊन डुलायला लागली. बद्रुन्निसानं हौश्याच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला.

इथं थांबलं असतं तर हिशोब बरोबर जुळला होता.

“गाडी ऱ्हाऊ द्या आता,” कादर म्हणाला. “गाळ सुकला की आपसूक निघंल.”

“मी आनलीय. मीच काढनार.”

“आवं, कुठं पळून चाललीय ती?” छबूबाई म्हणाली. या खेपेला तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. “बैलं धापलीत. सोडा त्यांला.”

“उद्या समदं गाव बघाया यील, चिखलात बसल्याली गाडी. कुनाचं नाव घेतील?”

जोडी पिकअपच्या तोंडाला लावली. मागून आम्ही खांदे दिले. पहिल्या नेटाला गाडी सुटली, दुसऱ्याला वर आली, आणि तिसऱ्याला जोडी तिरकी होऊन मागं ढासळली. होडीच्या गाड्याच्या चाकानं मघाशी तिथं पाडलेला खड्डा वरून गाळानं भरला होता. हौश्याचा पुढचा पाय त्यात गेला. लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि त्याचा खांदा जुवाखालून निसटला. ओरडला नाही. तोंड गाळावर टेकून मच्छिंद्रकडं बघत राहिला.

गाडी मात्र निघाली होती.

जनावरांचा डॉक्टर म्हणाला, जगेल. जू पुन्हा घेणार नाही. गुलब्या एकटा. एकट्या बैलाची गाडी होत नाही. तो रिकाम्या बाजूला मान टाकून उभा असतो.

रोज दिवस कलताना कादर डोहाच्या काठचं हिरवं गवत कापतो आणि त्याच पिकअपमधून हौश्यासाठी घेऊन येतो. पाठीवर गवताचं ओझं असलं की गाडी झकास चालते. मच्छिंद्र गवत उतरवून घेतो, गाडीकडं बघत नाही. कादर म्हणतो, “भाऊ, मी व्हय म्हनलो म्हनून घेतली. तुमी एकटं नका मनाला लावून घिऊ.” मच्छिंद्र म्हणतो, “शनिवारी घेतली आस्ती तर बरं झालं आस्तं का रं?” कादर हौद्यात उरलेलं गवत झाडायला लागतो.

कारखान्याचा पट्टा पडला, उसाचा हंगाम संपला, ट्रॅक्टर परत आले. एका संध्याकाळी डेअरीच्या ओट्यावर हनुमंत आला. गावभर एकच बोलणं चाललं होतं: गाडी फसली, पण बैल काय निवडले होते गड्यानं! हनुमंत सगळ्यांसमोर म्हणाला, “मच्छूभाऊ, पोरासाठी जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. तू बघ. तू व्हय म्हनला तर घेऊ.”

मच्छिंद्र उठला. टोपी झटकली.

“मला नको इचारू. हौश्याला इचार,” म्हणाला, आणि गोठ्याकडं गेला.

ज्या वाक्यासाठी तो त्या शुक्रवारी दाढी करून निघाला होता, ते अखेर त्याला मिळालं. बद्रुन्निसाच्या शेळ्यांच्या बदल्यात गाडी आली, गुलब्याच्या जोडीदाराच्या बदल्यात ती गाळातून निघाली. सल्ला तेवढा फुकट होता. त्याचा भरणा हौश्या अजून करतोय, तीन पायांवर उभा राहून.