कॅप्टनच्या खांद्यावरचा जास्तीचा तारा

ती मालिका अठरा वर्षं चालली होती आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या लष्करी छावणीत सातशेच्या वर खून पडले होते. तरी छावणी काही ओस पडत नव्हती. दर आठवड्याला मेलेल्याच्या जागी नवा माणूस भरती होई आणि त्याच्या मापाचा गणवेश शिवायचं काम काकींकडे येई.

काकी कपडेपटात होत्या. स्टुडिओच्या मागे जिन्याखाली त्यांची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि भिंतीवर खरे साहेबांनी टांगलेला हुद्द्यांचा तक्ता. खरे साहेबांचं आडनाव काही खरे नव्हतं. पण सगळ्या युनिटमध्ये खरोखरच्या सैन्यात नोकरी केलेले ते एकटेच, म्हणून ते खरे. मालिकेचे लष्करी सल्लागार. मालिकेतल्या सैन्याचे नियम त्यांनीच ठरवून दिले होते: कॅप्टनला दोन तारे, कर्नलला तीन.

त्या सोमवारी सकाळी कॅप्टन दार लोटून आत आले. दर भागात खुनी पकडणारे ते हेच. नाव वेगळं होतं, पण आता घरी बायकोसुद्धा त्यांना कॅप्टनच म्हणे. अठरा वर्षांत पडद्यावर त्यांचं वय वाढलं नव्हतं. पोटाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

"काकी, शर्ट आटला हो."

शिवण खांद्यापासून काखेपर्यंत उसवली होती.

"दरवर्षीच आटतो तो," काकी म्हणाल्या. "काढा इकडे."

बाहेर त्या भागातली बोट जाळायची तयारी झाली होती, भोंग्यावरून कॅप्टनच्या नावाचा पुकारा चालला होता. काकींनी नवा शर्ट काढला, डब्यातून खांद्याच्या पट्ट्या काढल्या, भराभर टाके घातले आणि कॅप्टनना बाहेर पिटाळलं. डबा कर्नलचा होता.

चार दिवस चित्रीकरण चाललं. बोट जळाली, खुनी बुडाला, त्याचं काम करणारा पाहुणा नट परदेशी निघून गेला. शुक्रवारी खरे साहेब ते सगळं बघायला बसले आणि दुसऱ्याच मिनिटाला उठून उभे राहिले.

"हा गडी सोमवारी जेवायच्या आधीच कर्नल झाला?"

निर्मातीबाईंनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. काकी बसल्यासुद्धा नाहीत.

"बाई, माझ्या हातून झालं. डबे शेजारी शेजारी होते. घाईत चुकीचा उघडला."

"थांबा काकी," लेखक म्हणाला. "इतकं सरळ कसं असेल? यात कुणाचा फायदा झाला, ते बघायला हवं."

सगळ्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन सवयीने उठून खिडकीशी गेले, पाठमोरे उभे राहिले आणि सावकाश मान वळवली.

"त्या सकाळी त्या खोलीत कोण कोण होतं?"

"तुम्ही आणि मी," काकी म्हणाल्या.

"तिसरं कुणीतरी असणार."

"होती ना. इस्त्री."

तेवढ्यात मालिकेतले कर्नल उसळले. "मला सगळं कळतं! माझ्या खुर्चीवर डोळा आहे याचा!"

"खुनी मी पकडतो," कॅप्टन म्हणाले. "तुम्ही फक्त 'चोवीस तासांत निकाल हवा' म्हणून टेबलावर मूठ आपटता."

"अहो, मी सांगतेय ना, डबा चुकला!" काकींनी पुन्हा सांगून पाहिलं. लेखकाने वहीत लिहून घेतलं, 'काकी कुणाला तरी पाठीशी घालताहेत.'

शेवटी, बोट काही पुन्हा जाळता येईना. तेव्हा लेखकाने एक वाक्य घुसडून कॅप्टनला बढती दिली. मग कर्नल रुसले. त्यांना चौथा तारा मिळाला. मग शवविच्छेदन करणारी डॉक्टरीण म्हणाली, आम्ही काय नुसती प्रेतं उलथीपालथी करायची? तिला दोन. फाटकावरचा शिपाई अकरा वर्षं एकही वाक्य बोलला नव्हता. तो पहिल्यांदा बोलला, तो ताऱ्याबद्दलच. बाई म्हणाल्या, "द्या बाबा, पण शूटिंग थांबवू नका." काकी आठवडाभर मान मोडून कायमच्या सगळ्या मंडळींना तारे टाचत होत्या. खरे साहेबांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला, काखेत मारला आणि ते घरी गेले.

महिनाभरात वेगळीच आफत आली. काकी सुनेबरोबर नवा भाग बघत होत्या. खून होऊन चार मिनिटं झाली असतील.

"आई, तो स्वयंपाकी," सून म्हणाली.

"कशावरून गं?"

"त्याच्या एकट्याच्या खांद्यावर काही नाही. मागच्या भागात तो माळी, त्याच्या आधी धोबी. तारा नाही म्हणजे एका भागापुरता आलेला. खुनी तोच."

सुनेला कळलं ते सगळ्या गावाला कळलं होतं. प्रेक्षक पाच मिनिटांत चॅनल बदलू लागले. बाईंनी पुन्हा बैठक बोलावली. खुन्याचं नाव बाहेर कोण फोडतंय, यावर लेखकाने तीन संशयित काढले, त्यातला एक मेकअपवाला. तो रडकुंडीला आला.

काकींना त्याच्याकडे बघवेना. त्या बाईंच्या कानाशी वाकल्या. "कुणी फोडत नाही हो. खुन्यालाही दोन तारे लावून देते मी. संपलं."

बाई म्हणाल्या, "काकी, हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

पुढच्या सोमवारी मालिकेच्या नामावलीत लष्करी सल्लागार म्हणून काकींचं नाव आलं. खोली तीच, मशीन तेच. काकींनी आधी खरे साहेबांना फोन लावला आणि जरा भीतभीतच सांगितलं.

खरे साहेब खूप दिवसांनी मोकळेपणाने हसले. "अभिनंदन, काकी. सैन्यातसुद्धा पुष्कळांची बढती अशीच होते. घाबरू नका."

"पण मला सैन्यातलं काही कळत नाही हो."

"मग तर तुम्ही फार वर जाल," ते म्हणाले.

काकींनी फोन ठेवला. दाराशी तीन नवे खुनी माप द्यायला येऊन उभे होते.