शेवटपर्यंत न ऐकलेली रेकॉर्ड

रॉक संगीताचा इतिहास आमचे बाबा दीड तासात सांगतात, आणि त्यातला पाव तास स्वतःच्या कौतुकात जातो. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण असतं आणि रेकॉर्ड लावायला मी. त्यांनी बोट वर केलं की मी सुई उचलायची, हे आमचं ठरलेलं.

काल पहिल्या रांगेत माझे होणारे सासरे बसले होते. लग्न ठरल्यावर दोन्ही वडिलांची ही पहिलीच भेट. मीच आग्रहाने बोलावलं होतं, आमचे बाबा काय चीज आहेत ते त्यांना कळावं म्हणून.

बाबा रंगात आले. ब्लूजमधलं दुःख, त्यातून उड्या मारत निघालेलं रॉक अँड रोल, मग सायकेडेलिकचे भास, मग प्रोग्रेसिव्ह रॉक. ही त्यांची हुकमी जागा.

"आता मंडळी पंडित झाली," ते म्हणाले. "एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायला लागलं. पंकवाल्या पोरांनी दोन मिनिटांत गाणं का उरकलं, ते कळायला हा नमुना ऐका."

नमुना म्हणजे जुन्या बाजारातून उचललेली, कव्हर नसलेली, कुठल्याशा अनोळखी बँडची रेकॉर्ड. कीबोर्डचा तोच तोच तुकडा सुरू झाला. बाबांनी जांभई दिली, टेबलावर डोकं टेकून घोरण्याचा आवाज काढला. हॉल हसून हसून बेजार. मीही खिदळले. बोट वर झालं, मी सुई उचलली. पुढे पंक, मेटल, ग्रंज सगळं सुरळीत पार पडलं.

लोक गेल्यावर सासरे टेबलापाशी आले.

"छान बोलता तुम्ही," ते बाबांना म्हणाले. "तो नमुना आमचा. कीबोर्ड मी वाजवलाय. ड्रमवर माझा दादा."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. मला तर धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"अहो, मला आवडतो तो," बाबा सारवासारव करायला लागले. "मुद्दा फक्त लांबीचा होता."

"लांबलाच आहे. शेवट ऐकलाय ना तुम्ही?"

"हो, म्हणजे काय!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा मागून डोळ्यांनी विनवत होते. एरवी मी त्यांचीच री ओढते, पण काल जीभ वळेना.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही दर वेळी तिथेच सुई उचलतो."

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच रेकॉर्ड लावली. तोच तुकडा. या वेळी मी ड्रमकडे लक्ष दिलं. ते मंदावले, अडखळले आणि थांबलेच. कीबोर्ड एकटाच तिथल्या तिथे फिरत राहिला. मग लांबून, धाप लागलेल्या माणसाचा आवाज आला: "जरा दम खातो रे. तू थांबू नकोस."

कीबोर्ड थांबला नाही. रेकॉर्डची बाजू संपली, तरी ड्रम काही परत आले नाहीत.

"छातीचं दुखणं होतं त्याला," सासरे म्हणाले. "त्यानंतर तो ड्रमवर बसलाच नाही. मी आपला वाट बघत वाजवत राहिलो."

सुई नुसती खरखरत होती, पण बाबांचं बोट काही वर होईना. मला तर दोघांकडेही बघवेना.