रविवारचं औषध

“डॉक्टरच्या गोळ्या परवापासूनच बंद केल्या मी, बाबूजी,” हरिसिंग मोठ्या हुशारीनं म्हणाला. “तुमच्या घरचं पथ्य ठाऊक हाय मले.”

नंदकिशोरच्या हातातली जडीची पुडी हातातच राहिली. बाभुळगावात त्याच्या घरचं काविळीचं औषध तीन पिढ्यांचं. दर रविवारी सकाळी, तेही फुकट. पथ्य एकच, पण कडक. जडी घेणाऱ्यानं दवाखान्याच्या गोळीला शिवायचं नाही. पंचायत समितीत त्यानं तीस वर्षं कारकुनी केली, पण तिथं त्याला हिंग लावून कोणी विचारलं नाही. मान मिळाला तो या ओसरीत. साहेबसुद्धा चपला बाहेर काढून आत यायचे.

हरिसिंगनं पुढे केलेला तपासणीचा कागद त्यानं वाचला. हेपॅटायटिस बी. हे शब्द त्याच्या स्वतःच्या फायलीतही होते.

चार वर्षांपूर्वी त्याच्या यकृतातली कॅन्सरची गाठ नागपूरला काढली. गाठीच्या मुळाशी रक्तातला हाच विषाणू होता. रोज एक गोळी, जन्मभर, असं सर्जननी बजावलं होतं. दोन वर्षं त्यानं ती दार लावून, चोरून खाल्ली. मग तपासण्या चांगल्या आल्या आणि त्याच्या मनानं उचल खाल्ली. अख्ख्या तालुक्याला जडी देणाऱ्यानं स्वतः गोळी खायची? त्याला लाज वाटली. गोळी सोडून आठ महिने त्यानं घरचीच जडी घेतली, अगदी पथ्य पाळून. गाठ परतली, तीही दोन ठिकाणी. आता गोळी पुन्हा सुरू होती, पण ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. “गोळी चालू असती तर गाठ आलीच नसती असं नाही,” डॉक्टर म्हणाले होते, “पण शक्यता कमी होती.” त्या दिवसापासून एकच विचार त्याला खात होता. आपण आजवर किती जणांच्या गोळ्या बंद केल्या?

“हरिसिंग, जडी नाही देत मी तुले. आत्ताच यवतमाळच्या दवाखान्यात जाय. दोन दिवस गोळी सोडली म्हणून डॉक्टरले सांग अन् सुरू कर.”

“काहून? माह्या बापाले देल्ली, भावाले देल्ली. मीच काय घोडं मारलं?”

आतल्या दारातून रत्नप्रभा हळूच म्हणाली, “अहो, द्या नं पुडी. मामंजींचं नाव कायले घालवता?” तिचे डोळे भरले होते. तिला सगळं माहीत होतं.

“नाव घेऊन काय करू आता, रत्ना?”

त्यानं चष्मा काढला, दाराच्या उजेडात आला आणि बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढली. “पाह्य.”

हरिसिंग वाकून पाहत राहिला. त्या पिवळेपणाला तोही ओळखत होता.

“बाबूजी, तुमाले पण?”

“मले पण. गोळी सोडली होती मी.”

हरिसिंगनं कागदाची घडी खिशात घातली, त्याच्या पाया पडला आणि स्टँडकडे निघाला.

ओसरीबाहेर अजून सहाजण बसले होते. नुसतं सांगून कोणाला पटणार नव्हतं. चष्मा हातातच ठेवून नंदकिशोरनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.