प्रणिताचा फोन येऊ दे

गुडगावच्या त्या कॉल सेंटरमध्ये मोबाइल आत न्यायला सक्त मनाई. दाराशी लॉकरमध्ये फोन ठेवायचा, किल्ली गळ्यात अडकवायची आणि मग म्हणे जगाशी संपर्क साधायचा! प्रणिताकडे इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं काम होतं. तिकडे पुराचा इशारा आला, की नदीकाठच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगायचं: औषधं बरोबर घ्या, वरच्या मजल्यावर जा. २६ जुलै २००५ ला दुपारपासून तिने अशी चाळीसेक म्हातारी माणसं वर धाडली.

साडेसहाच्या सुट्टीत तिने लॉकर उघडलं. बदलापूरहून धाकट्या भावाचे, प्रतीकचे, चार मेसेज आले होते.

‘नदीचं पाणी गल्लीत आलंय. बाबा हलत नाहीत.’

‘तू सांगितलंस तर ऐकतील. फोन कर.’

‘पाणी घरात शिरलं. बाबा म्हणतात, प्रणिताचा फोन येऊ दे.’

‘मी शेजाऱ्यांकडे वर आलो. बाबा खालीच आहेत.’

शेवटचा मेसेज पाच वाजताचा होता.

आई गेल्यापासून बाबांचा, म्हणजे पद्माकररावांचा, हाच खाक्या. प्रणिता सांगेल ते खरं. बाकी प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी माणूस ढिम्म. आणि खोटं कशाला बोला, प्रणिताला याचा अभिमानच होता.

तिने नंबर फिरवला. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.’ पुन्हा फिरवला. वीसेक वेळा तेच. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. दात काढल्यावर गाल होतो तशी ती आतून बधिर झाली होती.

टीम लीडर मीनाक्षीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. “मैं ट्राय करती रहूँगी. तू घर जा, यार.”

कुठल्या घरी जाणार? इथे होती ती भाड्याची खोली. घर बदलापूरला होतं. प्रणिता आत गेली, हेडफोन चढवला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. तिने सगळं नीट, ठरल्याप्रमाणे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मी वरच बसलोय,” ते म्हणाले. “मुलीने मघाशीच फोन केला होता. अशा बाबतीत ती फार दक्ष आहे.”

प्रणिताने त्यांचे आभार मानले, नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला.