अंगावरचं माप

सर्दी-खोकल्याला आजार म्हणायची आपल्यात रीतच नाही. शिंकत शिंकत कामावर येणारा तो कष्टाळू आणि तोंडाला रुमाल लावणारा तो नखरेल! मास्तर तर या बाबतीत सगळ्यांचे गुरू. तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं, पण खोकल्यापायी एक दिवस शटर खाली ओढलं नाही. कारागीर कुरकुरला की म्हणायचे, "औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर आठवडा. बस मशीनवर."

दुसरा हेका मापाचा. जुन्या कपड्यावरून बेततो तो शिंपीच नव्हे. माप अंगावरच घ्यायचं आणि तेही स्वतःच्या हाताने.

थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. भाऊ सहा महिने रक्ताच्या कॅन्सरशी झुंजून नुकता घरी आला होता. आजार आटोक्यात होता, पण औषधांनी अंगातली ताकद पार धुऊन नेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लेकीच्या लग्नात उभं राहायचंय ना? मग तोवर खोकणारं माणूस जवळ फिरकू देऊ नका." त्या बिचाऱ्याला दुसरी इच्छाच उरली नव्हती. नवा कोट घालून लेकीच्या शेजारी उभं राहायचं, बस.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, जुना कोट पाठवते. त्यावरूनच बेता."

"वा! दादा निम्मा झालाय आणि मी जुन्या कोटावरून बेतू? येतोच मी."

चार दिवसांपासून मास्तरांचा घसा खवखवत होता. दारातच ठसका लागला. वहिनीने वाट अडवली. "खोकला आहे का हो तुम्हाला?"

"छे! कापडाची धूळ. ती काय, जन्माचीच सोबतीण आमची," म्हणत ते हसले. तिनेही मग विश्वास ठेवला. घरच्या माणसाला किती खोदून विचारणार?

खांदा झाला, छाती झाली, कंबर झाली. गळ्याचं माप घ्यायला मास्तर अगदी जवळ सरकले, टेपखाली दोन बोटं घातली आणि उबळ आली. तोंड फिरवलं त्यांनी, नाही असं नाही, पण अर्धवटच. हातात टेप होती ना! दादाला त्याचं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "छातीत जरा सैल ठेव रे. लग्नापर्यंत भरेन मी."

पाचव्या दिवशी दादाला ताप भरला. नवव्या दिवशी फुप्फुसांनी हात टेकले आणि दादा गेला. कोट तेव्हा काज-बटणांपर्यंत आला होता.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. वहिनी भिंतीला टेकून येईल त्याला एकच सांगत होती, "माझंच चुकलं हो. किती महिन्यांनी केस उगवले होते, म्हणून हौसेने डोकं धुतलं मी त्यांचं. खिडकी लावायची राहिली. गारठा बाधला. माझ्याच हातांनी..."

"मी सांगत होते तुला!" लेक कोपऱ्यातून फाडकन म्हणाली. "नको म्हणत होते ना? तू ऐकतेस कधी कुणाचं?"

मास्तर स्वतःलाच बजावत होते, सांगून टाक, मेल्या, आत्ता सांगून टाक! गारठा नाही पोरी, माझा खोकला. एवढंच तर म्हणायचं होतं. ज्याने बोट धरून चालायला शिकवलं, त्या दादासाठी एवढंही जमू नये? ओठ उघडलेसुद्धा. पण भोवती सगळं गणगोत बसलेलं, आणि सगळ्यांच्या नजरा आता त्यांच्याकडे वळलेल्या.

"पोरी," ते म्हणाले, "आईला असं बोलू नये. मुद्दाम का केलंय तिने?"

लेक रडत आत निघून गेली. वहिनीने डोळे पुसले.

"तोंडाने कुणी बोलत नाही, पण सगळे मलाच दोष देतात, भाऊजी," ती म्हणाली. "एक तुम्हीच मला माफ केलंत."